घरच्यांनी फिजिओ शिकून घेतलं की भागतं का?

वर एकांनी लिहिलंय की लकवा मारल्यावर फिजिओवर पैसे घालवायची गरज नाही, घरच्यांनी व्यायाम शिकून घेतले की झालं. मलाही आधी असंच वाटायचं, पण हे आपल्याकडेच तपासून झालंय, अटेंड नावाची ट्रायल, भारतातली 14 हॉस्पिटलं, 1250 पेशंट, 2017 ला लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आली. अर्ध्या पेशंटच्या घरच्यांना नेहमीच्या उपचारांवर जादा ट्रेनिंग दिलं आणि सहा महिन्यांनी बघितलं तर मृत्यू किंवा परावलंबी राहणं दोन्ही गटांत सारखंच, 47 टक्के!

म्हणून घरच्यांची मेहनत फुकट असं मी अजिबात म्हणत नाहीये, आमच्या आईला ताई रोज उठवायची बसवायची, त्यानं आईला जो धीर आला तो कुठल्या आकड्यात बसणार? पण सगळं सुनेवर नाहीतर बायकोवर टाकून मोकळं व्हायचं हे मला पटत नाही, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फिजिओ हवाच.

आणि हो, पहिल्याच दिवशी धरून धरून चालवायची घाई करू नका, 2015 च्या अ‍ॅव्हर्ट ट्रायलमध्ये 24 तासांच्या आत सारखं सारखं उठवलेल्यांचा रिझल्ट उलट थोडा वाईटच आला होता, कधी उठवायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.