बुखारेस्ट सहल : कार्यक्रमाचा क्रम आणि मार्गदर्शक

प्रेषक : सहल समिती

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या वसंत सहलीसाठी बहुसंख्य सदस्यांनी रुमानियाला पसंती दिल्यामुळे बुखारेस्टचा कच्चा कार्यक्रम विचारार्थ ठेवत आहोत. पहिल्या दिवशी सकाळी संसद भवन, दुपारी क्रांती चौक आणि संध्याकाळी जुन्या शहरात फेरफटका. दुसऱ्या दिवशी रुमानियाचे कम्युनिस्ट हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू यांचे प्रिमाव्हेरी भागातील निवासस्थान, जे २०१६ पासून सर्वांसाठी खुले आहे, आणि त्यानंतर तळ्याकाठचे ग्रामसंग्रहालय. १ जानेवारी २०२५ पासून रुमानिया शेंगेन क्षेत्रात पूर्णपणे सामील झाल्यामुळे जर्मनीचा वैध निवास परवाना असलेल्या भारतीय पासपोर्टधारकांना या छोट्या सहलीसाठी वेगळा व्हिसा काढावा लागणार नाही. संसद भवनात मात्र मूळ पासपोर्ट किंवा ओळखपत्र दाखवल्याशिवाय प्रवेश मिळत नाही, छायाप्रत चालत नाही, याची नोंद घ्यावी.

सूचना अवश्य कळवाव्यात.


प्रेषक : एक सदस्या

समितीस सादर नमस्कार.

नोकरीनिमित्त बुखारेस्टमध्ये राहिलेली असल्यामुळे हे लिहिण्याचे धाडस करते. निवडलेली ठिकाणे योग्यच आहेत. माझी हरकत क्रमाला आहे. संसद भवन सर्वप्रथम पाहिले, की तिथला मार्गदर्शक ३,६५,००० चौरस मीटर क्षेत्रफळ, ८४ मीटर उंची, हजाराहून अधिक दालने, संगमरवर आणि झुंबरे यांची माहिती सांगत पुढे चालतो, आपण माना वर करून थक्क होतो, आणि या टेकडीवर पूर्वी काय होते हे विचारायचे राहूनच जाते. टेकडीवर आणि तिच्या पायथ्याशी बागा असलेल्या घरांची, चढणीच्या दगडी गल्ल्यांची उरानुस ही जुनी वस्ती होती. १९७१ मध्ये चीन आणि उत्तर कोरियाच्या दौऱ्यात चाउशेस्कू यांच्या मनात आखीव, भव्य राजधानीची कल्पना रुजली. ४ मार्च १९७७ च्या भूकंपात देशभर दीड हजारांहून अधिक माणसे दगावली, त्यांतली बहुतेक बुखारेस्टमध्येच, आणि शहराची पुनर्रचना करायला निमित्त मिळाले. पुढे सगळी वस्तीच पाडण्यात आली, हजारो कुटुंबांना नव्या सदनिकांमध्ये हलवले गेले आणि १९८४ मध्ये आंका पेत्रेस्कू या तरुण महिला वास्तुविशारदाच्या नेतृत्वाखाली बांधकाम सुरू झाले.

म्हणून माझी विनंती अशी की, सकाळी आधी मिहाई व्होदा चर्चकडे जावे. सोळाव्या शतकाच्या अखेरचे हे चर्च पाडण्याच्या यादीतच होते. परंतु एउजेन योर्डाकेस्कू या अभियंत्याने जुन्या इमारती सरकवण्याचे तंत्र विकसित केले होते. इमारत पायापासून कापून वेगळी करायची, तिच्याखाली काँक्रीटच्या तुळयांची चौकट घालायची आणि मग ती रुळांवरून हायड्रॉलिक जॅकने इंच इंच पुढे ढकलायची, असे ते तंत्र होते. अशा रीतीने १९८५ मध्ये हे चर्च सुमारे २९० मीटर दूर नेण्यात आले. आज ते उंच सदनिकांच्या रांगेमागे असे दडलेले आहे की पत्ता हातात असूनही चुकामूक होते. इमारत वाचली, पण ती कोणाच्या नजरेला पडू नये ही व्यवस्थाही झाली. सगळ्यांना एवढेही नशीब लाभले नाही. अठराव्या शतकातला व्हाकारेश्त मठ त्याच दशकात जमीनदोस्त झाला.

चर्चपासून संसद भवन चालत जाण्याजोगे आहे. त्या दहा-पंधरा मिनिटांत मार्गदर्शकाने १९८० च्या दशकातल्या टंचाईबद्दल बोलावे, असे सुचवते. परदेशी कर्ज फेडण्याच्या हट्टापायी अन्नधान्याची निर्यात होत होती, पाव, तेल आणि साखर कार्डावर मिळत होती, ऐन हिवाळ्यात घरांची उष्णता कमी केली जात होती आणि कामाच्या दिवशी दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण दोन तासांवर आले होते. आपल्यातल्या ज्येष्ठांनी रेशनच्या रांगा पाहिल्या आहेत; पण त्याच वेळी रांगेच्या पलीकडे असा महाल उठताना पाहिलेला नाही.

यासाठी मार्गदर्शक साठीच्या आसपासचा मागावा. तरुण मार्गदर्शकांचे इंग्रजी अधिक सफाईदार असते आणि विनोदही छान असतात, परंतु त्यांना हा काळ आईवडिलांकडून ऐकून ठाऊक असतो.


प्रेषक : एक ज्येष्ठ सदस्य

सर्वांस नमस्कार.

ताईंच्या सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मला क्रांती चौकाविषयी लिहायचे आहे, कारण कार्यक्रमात त्यासाठी जेमतेम तासभर दिसतो. २१ डिसेंबर १९८९ रोजी याच चौकात, कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीच्या इमारतीच्या सज्जातून चाउशेस्कू बोलत असताना जमावातून हुर्यो उठली आणि थेट प्रक्षेपण खंडित झाले. दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीच्या गच्चीवरून ते हेलिकॉप्टरने पळाले आणि २५ डिसेंबरला तर्गोविश्ते येथील लष्करी तळावर, घाईघाईने उरकलेल्या खटल्यानंतर, त्यांना आणि त्यांच्या पत्नीला गोळ्या घालण्यात आल्या. समोरच्या विद्यापीठ ग्रंथालयाला गोळीबाराच्या धुमश्चक्रीत आग लागली आणि सुमारे पाच लाख पुस्तके जळाली. चौकातला २५ मीटर उंचीचा स्मृतिस्तंभ २००५ मधला आहे. गावकरी त्याला सळईत खुपसलेला बटाटा म्हणतात आणि प्रत्यक्ष पाहिल्यावर दुसरे काही सुचतही नाही.

याच चौकातल्या जुन्या राजवाड्यात राष्ट्रीय कला संग्रहालय आहे आणि तिथे कॉन्स्टान्टिन ब्रांकुशी यांची काही शिल्पे आहेत. मराठी माणसाने ती चुकवू नयेत, कारण इंदूरच्या यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी याच शिल्पकाराची पक्ष्यांची शिल्पे विकत घेतली होती आणि ध्यानमंदिराच्या योजनेसाठी त्यांना इंदूरला बोलावले होते. ते मंदिर उभे राहिले नाही. पुढे कम्युनिस्ट राजवटीने ब्रांकुशी यांची कला नाकारली आणि त्यांची कार्यशाळा फ्रान्सकडे गेली. आज मात्र तर्गु झिऊ येथील त्यांचा अनंत स्तंभ जागतिक वारशाच्या यादीत आहे. तर्गु झिऊ लांब पडते, तेव्हा तिथे जाण्याचा आग्रह मी धरत नाही.

तर्गोविश्ते मात्र सुमारे ८० किलोमीटरवर आहे. तो तळ २०१३ पासून संग्रहालय आहे आणि भिंतीवर गोळ्यांच्या खुणा दिसतात. लहान मुलांना तिथे न्यावे का, हे पालकांनी ठरवावे. भिंतीसमोर उभे राहून गटाचे छायाचित्र काढू नये, एवढे मात्र मी आग्रहाने सांगेन. हुकूमशहा असला तरी ते वधस्थान आहे.


प्रेषक : सहल समिती

सादर नमस्कार.

दोन्ही पत्रांचा विचार करून क्रम बदलला आहे. पहिल्या दिवशी मिहाई व्होदा चर्चपासून आरंभ होईल, तेथून संसद भवन, आणि दुपार संपूर्णपणे क्रांती चौक व कला संग्रहालयासाठी राहील. दुसऱ्या दिवशी प्रिमाव्हेरी निवासस्थान आणि ग्रामसंग्रहालय कायम आहेत. तर्गोविश्तेसाठी तिसऱ्या दिवशी सकाळची वेगळी बस ठेवू. ज्यांना लहान मुलांमुळे किंवा अन्य कारणाने जायचे नसेल, त्यांनी तो वेळ शहरात घालवावा, त्यांच्याकडून बसचे भाडे घेतले जाणार नाही. छायाचित्राबाबतची सूचना कार्यक्रमपत्रिकेत छापली जाईल.

मार्गदर्शकाच्या वयाची अट लेखी घालणे अवघड वाटल्यामुळे, १९८९ मध्ये बुखारेस्टमध्ये राहत असलेली व्यक्ती हवी, असे स्थानिक संस्थेला कळवले आहे. त्यांच्याकडून एका निवृत्त शिक्षिकेचे नाव सुचवण्यात आले असून त्या फ्रेंच उत्तम आणि इंग्रजी बेताचे बोलतात. तेव्हा फ्रेंच जाणणाऱ्या दोन सदस्यांनी दुभाष्याचे काम करण्याची तयारी या आठवड्यात कळवावी.