मदत हवी आहे: जिल्हा आपत्ती आराखड्यात परिचारिकांसाठी कलम

नमस्कार मंडळी. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 नुसार जिल्हा आराखड्याचा दरवर्षी आढावा घ्यावा लागतो. त्यात परिचारिकांसाठी ठोस कलम घालावं, असं निवेदन सार्वजनिक आरोग्य विभागाला द्यायचंय. खाटा, सिलिंडर मोजून लिहितात. माणसं मात्र बहुतेकदा 'आवश्यकतेनुसार'!

हिशोब असा: आयसीयूच्या 10 खाटा, दर पाळीत 1:1 (एका खाटेला एक परिचारिका), तीन पाळ्यांना 30, वर 30 टक्के रजा राखीव, एकूण 39. साथीत ही माणसं ग्रामीण रुग्णालयांतून प्रतिनियुक्तीवर उचलतात आणि तिकडचा प्रसूती कक्ष एकट्या सिस्टरवर येतो. ऑक्सिजनचंही तेच. 7,000 लिटरचा जम्बो सिलिंडर मिनिटाला 10 लिटरने साडेअकरा तास पुरतो, मिनिटाला 60 लिटरच्या हाय-फ्लोवर (नाकातून जोराच्या प्रवाहाने ऑक्सिजन देणारं यंत्र) दोन तासही नाही. रात्रपाळीत गेज कोण बघणार, बदलणार कोण, हे नेमून दिलेलं हवं.

प्रतिनियुक्तीची कमाल मुदत आणि मूळ जागी बदली माणूस, या अटी कुणी जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात घालून घेतल्यात का? नेमकी शब्दरचना हवी आहे. राखीव यादीतल्यांची व्हेंटिलेटरची उजळणी किती महिन्यांनी मागावी? आणि निवेदन उपसंचालकांमार्फत पाठवावं की थेट आयुक्तांकडे?