तिसरीपर्यंतचे वाचन: राज्यव्यापी शिक्षक-प्रशिक्षण वर्गापर्यंत कसे पोहोचते?

प्रश्न: केंद्रशाळा_विदर्भ

नमस्कार. मी जिल्हा परिषदेची केंद्रप्रमुख, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या एका गटाची (केंद्राची) प्रमुख आहे. पहिली ते तिसरीच्या शिक्षकांसाठी पुढील वर्षाचा भाषा-प्रशिक्षणाचा आराखडा सुचवावा, असे आमच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांनी सर्व केंद्रप्रमुखांना सांगितले आहे. त्या निमित्ताने येथील अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

केंद्र सरकारचे निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झाले. २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' या ग्रामीण पाहणीनुसार दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे देशातील प्रमाण २०२२ मध्ये २०.५ टक्के होते, ते २०२४ मध्ये २७.१ टक्के झाले. सुधारणा आहे, पण अंतर अजून फार मोठे आहे. शाळाभेटीत मला दुसरीतली अशी मुले भेटतात, जी पाठ्यपुस्तकातली कविता घडाघडा 'वाचतात', परंतु बोट दुसऱ्या ओळीवर असते आणि तोंड चौथ्या ओळीवर. त्याच कवितेतला एखादा शब्द फळ्यावर सुटा लिहिला की मूल गप्प होते. त्यांच्या शिक्षकांनी प्रशिक्षणे घेतलेली आहेत, उपस्थितीपत्रकावर सह्याही आहेत.

अमेरिकेतील मिसिसिपी राज्याने शिक्षक-प्रशिक्षणातून वाचनात मोठी सुधारणा केली, असे अलीकडे अनेक बैठकांत सांगितले जाते. ती सुधारणा खरोखर प्रशिक्षणामुळे झाली का, आणि तिच्यातले आपल्या केंद्रपातळीवर काय आणता येईल?

उत्तर १: निवृत्त_अधिव्याख्याता

मॅडम, प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. माझी नोकरीची बहुतेक वर्षे डायटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) प्रशिक्षणे आखण्यात गेली आहेत.

मिसिसिपीची गोष्ट सहसा अर्धीच सांगितली जाते. चौथीच्या मुलांच्या राष्ट्रीय वाचन चाचणीत २०१३ साली हे राज्य जवळजवळ तळाला होते. २०१९ मध्ये ते राष्ट्रीय सरासरीच्या बरोबरीला आले, आणि २०२४ मध्ये तेथील मुलांचे सरासरी गुण २१९ होते, तर देशभरातील सरकारी शाळांची सरासरी २१४ होती. अतिशय गरीब राज्याने हे साधले, म्हणून त्याचे मोल अधिक आहे. २०१३ मध्ये राज्याने तिसरीपर्यंतच्या वाचनासाठी कायदा केला, मात्र या यशाची पायाभरणी त्या कायद्याच्या कितीतरी आधी झाली होती. जिम बार्क्सडेल या उद्योजकाने २००० साली वाचन शिकविण्याच्या कामासाठी दहा कोटी डॉलर दिले आणि त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेने शाळांत व शिक्षक घडविणाऱ्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षे काम केले. आठवीच्या चाचणीत अशी झेप अजून दिसलेली नाही, हेही सांगायला हवे.

कायद्यानंतर राज्याने दोन कामे एकत्र केली. पहिले म्हणजे, प्राथमिक शिक्षकांना वाचनाच्या शास्त्राचे दीर्घ प्रशिक्षण दिले: ध्वनींची जाण कशी येते, अक्षर आणि ध्वनी यांची सांगड कशी बसते, शब्दसंपत्ती आणि आकलन कसे वाढते. हे तीन दिवसांचे शिबिर नव्हते. अभ्यास, वर्गातील सराव आणि चर्चा असा तो दीर्घकाळ चालणारा क्रम होता. दुसरे, आणि माझ्या मते निर्णायक, म्हणजे निकालात सर्वांत मागे असलेल्या शाळांमध्ये राज्याने स्वतः निवडलेले वाचन-मार्गदर्शक पाठविले. हे मार्गदर्शक तपासणी अधिकारी नव्हते. ते वर्गात बसत, स्वतः पाठ घेऊन दाखवीत आणि नंतर शिक्षकाबरोबर त्या पाठाची चर्चा करीत. तिसरीत वाचन न येणाऱ्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची तरतूदही कायद्यात आहे आणि तिच्यामुळे चौथीची सरासरी किती वाढली, यावर तेथे वाद चालू आहे. आपल्याला त्या वाटेने जाता येणार नाही आणि जाऊही नये. शिक्षण हक्क कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने दिलेली मुभा पाचवी आणि आठवीपुरतीच आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला मागे ठेवल्याने त्याला वाचता येऊ लागते, यावर माझा विश्वास नाही.

आपल्याकडे प्रशिक्षण राज्यस्तरावरून जिल्ह्याला, तेथून तालुक्याला आणि मग केंद्राला उतरते. पुण्यात ज्याने आशय रचला, त्याच्या हातून तो चार जणांच्या तोंडून फिरून शिक्षकापर्यंत येतो. वाटेत 'का' गळून पडतो आणि 'काय करावे' एवढेच उरते. २०१५ नंतर प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमाच्या काळात साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधील (विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील भागातील) शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. चालू वर्ग डोळ्यांनी पाहणे हे उत्तम प्रशिक्षण होते, कारण आपल्यासारख्याच शाळेतील, आपल्यासारख्याच घरांतून आलेली मुले वाचताना दिसत होती. पण परतल्यावर अनेक शाळांत तेथल्यासारखी फरशी रंगविली गेली आणि त्या रंगीत चौकटींत मुलांनी नेमके काय करायचे, हा विचार मागे राहिला. त्या शिक्षकांना मी दोष देत नाही. परतल्यावर त्यांच्या वर्गात येऊन बसणारे कोणी नव्हते, ही व्यवस्थेची उणीव होती.

प्रशिक्षणाच्या आशयाविषयीही एक आग्रह आहे. मराठीच्या वाचनाची अडचण इंग्रजीसारखी नाही. आपली लिपी बरीच नियमित आहे. आधी सगळी मुळाक्षरे 'ज्ञ'पर्यंत, मग बाराखडी, मग शब्द, या क्रमात मुलाला अर्थपूर्ण शब्द भेटायला महिनेच्या महिने जातात. त्याऐवजी क, म, न, ल, र ही पाच अक्षरे आणि काना एवढेच घेतले, तरी कान, नाक, काम, मान, माल, लाल, राम असे शब्द पहिल्याच आठवड्यांत वाचता येतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते, येथे मुले अडखळतात. 'मुलगा' वाचताना मूल 'ल'चा पूर्ण उच्चार करते आणि ऐकलेल्या शब्दाशी त्याचा मेळ बसत नाही, म्हणून ते पुन्हा अंदाजावर येते. अशा जागा शिक्षकाला आधीच ठाऊक असल्या, तर मूल का थांबले हे त्याला तत्काळ कळते. आपल्या राज्यात हे काम अनेक वर्षे गंभीरपणे झालेले आहे. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेतून आणि पालघर जिल्ह्यात नीलेश निमकर यांच्या 'क्वेस्ट' संस्थेने ते केले आहे. मिसिसिपीकडे पाहण्याआधी या दोन ठिकाणांकडे पाहावे, असे मी सुचवीन.

उत्तर २: जॅक्सनची_आई

मी मिसिसिपीत राहते आणि माझ्या मुलाचे प्राथमिक शिक्षण येथील सरकारी शाळेत झाले, म्हणून पालकाच्या बाजूने थोडेसे लिहिते. बालवर्गापासून तिसरीपर्यंत वर्षातून अनेकदा छोटी वाचन-चाचणी होते. मूल मागे असेल तर शाळा घरी लेखी कळविते: कोणत्या कौशल्यात अडचण आहे, शाळा काय करणार आहे आणि घरी काय करता येईल. माझा मुलगा दुसरीत असताना जोडस्वरांत अडखळत होता; त्या पत्रात नेमके तेच लिहिले होते, 'अभ्यासात लक्ष द्यावे' असे सरधोपट वाक्य नव्हते. तिसरीची चाचणी नापास झालेल्या मुलांना ती आणखी दोनदा देता येते, तरी त्या महिन्यांत मुलांवर आणि आयांवर येणारा ताण मी जवळून पाहिला आहे. निवृत्त सरांनी मागे ठेवण्याविषयी जे लिहिले आहे, त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे.

उत्तर ३: धारणीचा_मास्तर

सरांचे विवेचन मोलाचे आहे, परंतु मेळघाटातून एक गोष्ट जोडणे आवश्यक वाटते. माझ्या पहिलीच्या वर्गातील बहुतेक मुले घरी कोरकू बोलतात. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. तिचे भाषाकुळच वेगळे, मुंडा कुळातले आहे. 'नाक' हा शब्द मूल अचूक वाचते आणि तरीही माझ्याकडे पाहत राहते, कारण तो शब्द त्याने आजवर ऐकलेलाच नाही. मी घेतलेल्या प्रत्येक प्रशिक्षणात मूल शाळेत येताना मराठी घेऊनच येते, असे गृहीत धरलेले होते. राज्यव्यापी आशय एकच ठेवायचा असेल, तर त्यात निदान मेळघाट, नंदुरबार आणि गडचिरोलीसाठी तोंडी भाषेचा स्वतंत्र भाग असावा: पहिले काही महिने गोष्टी, गाणी आणि चित्रांवर गप्पा, त्याही मुलांच्या भाषेत सुरुवात करून हळूहळू मराठीकडे येणाऱ्या. गावातील बारावी झालेली एखादी मुलगी वर्गात सोबत असली, तर हे काम होते. मी ते करून पाहिले आहे आणि मुले त्या वर्षी लवकर बोलू लागली.

केंद्रशाळा_विदर्भ

सर्वांचे मनापासून आभार. धारणीच्या सरांचा मुद्दा आमच्या तालुक्यातील गोंडी बोलणाऱ्या पाड्यांनाही लागू पडतो, तो आराखड्यात घेते. आता अडचण वेळेची आहे. माझ्याकडे स्वतःच्या केंद्राबरोबर शेजारच्या केंद्राचाही अतिरिक्त कार्यभार आहे. माहिती मागविणारे संदेश रोज येतात, आणि निवडणुकीचे काम आले की शिक्षक आणि मी दोघेही वर्गाबाहेर असतो. अशा स्थितीत वर्गात बसून सोबत करायची तर सुरुवात कुठून करावी?

उत्तर १: निवृत्त_अधिव्याख्याता

राज्यात १९९४ मध्ये केंद्रप्रमुखांची ४,८६० पदे निर्माण झाली, ती शिक्षकांना शैक्षणिक मदत मिळावी म्हणूनच. ती कागदपत्रांत अडकली आणि त्यातली अनेक रिक्त राहिली, ही खरी हानी आहे. निवडणूक आणि जनगणनेची कामे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे टळणार नाहीत. त्याखेरीजच्या माहितीसाठी आठवड्यातला एकच दिवस ठरवून मिळावा, ही मागणी आराखड्याच्या पहिल्या पानावर लेखी करा.

सर्व शाळा एकदम घेऊ नका. दोन्ही केंद्रांतून वाचनात सर्वांत मागे असलेल्या तीन शाळा निवडा आणि पहिल्या सत्रात त्यांच्याच पहिली-दुसरीच्या वर्गांत दर आठवड्याला जा. भेटीच्या दिवशी शेरेवही उघडू नका. पहिला पाठ तुम्ही घ्या, शिक्षक पाहतील. पुढच्या वेळी शिक्षक घेतील, तुम्ही पाहाल. पाठानंतर दोघांनी मिळून पाच मुलांना न पाहिलेले चार-पाच शब्द वाचायला द्या आणि कोण कुठे अडले, ते लिहून ठेवा. मासिक शिक्षण परिषदेत परिपत्रकांचे वाचन आटोपते घेऊन या नोंदींवर तासभर चर्चा करा, आणि त्या तीन शाळांतील शिक्षकांनाच बोलू द्या. दुसऱ्या सत्रात त्यांच्यापैकी कोणी शेजारच्या शाळेत जायला तयार झाले, तर त्यांना त्या दिवसाची कर्तव्यरजा मिळेल, याची मंजुरी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून आताच घेऊन ठेवा. ऐनवेळी ती मिळत नाही, असा माझा अनुभव आहे.