मेरी जॅक्सनवर प्रोजेक्ट: तक्ता बरोबर आहे का, आणि विंड टनेलमध्ये धूर गोल का फिरतो?

सातारा_आठवी_ब: विज्ञान प्रदर्शनासाठी मुलींनी मेरी जॅक्सन हा विषय घेतलाय. तक्त्यावर ‘नासाची पहिली महिला इंजिनिअर, कोर्टात केस लढून शिकली’ असं लिहिलंय. चालेल का? सोबत पुठ्ठ्याचं विंड टनेल (आतून हवा वाहवून वस्तूभोवती ती कशी जाते ते बघायचा बोगदा) आहे, पुढून टेबल फॅन लावलाय. अगरबत्तीचा धूर सरळ जातच नाही, आत भोवरा होतो.

कृष्णाकाठ: मॅडम, तक्त्यातल्या दोन्ही गोष्टी बदला. ती नासाची पहिली कृष्णवर्णीय महिला इंजिनिअर, १९५८ साली. आणि कोर्टाचा प्रसंग ‘हिडन फिगर्स’ या सिनेमातला. व्हर्जिनिया विद्यापीठाचे संध्याकाळचे वर्ग फक्त गोऱ्यांच्या हॅम्प्टन हायस्कूलमध्ये भरायचे, तिथे बसायला तिने हॅम्प्टन शहराकडे अर्ज करून परवानगी मिळवली.

जन्म १९२१, हॅम्प्टनचाच. १९४२ ला गणित आणि भौतिक विज्ञानात पदवी, मग शिक्षिका, हिशेबनीस, सेक्रेटरी. १९५१ मध्ये लँगली या विमान-संशोधन केंद्रात (ते पुढे नासात आलं) ‘कॉम्प्युटर’ म्हणून लागली. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे आकडेमोड करणारी बाई, यंत्र नव्हे. हे मुलींना आवर्जून सांगा. तिथे डोरोथी व्हॉन तिच्या वरिष्ठ. दोन वर्षांनी कझिमिएर्झ चार्नेकी या इंजिनिअरने तिला आपल्या ४ बाय ४ फुटी सुपरसॉनिक (आवाजाहून वेगवान हवेच्या) टनेलवर घेतलं. त्याला ६०,००० हॉर्सपॉवर लागायची, म्हणजे जवळपास ४५ मेगावॅट. आपल्या कोयनेच्या पहिल्या टप्प्यातला एक संच ७० मेगावॅटचा, यावरून अंदाज करा.

तक्त्यावर अन्यायाबरोबर तिचं कामही येऊ द्या, ते नेहमी राहून जातं. १९५८ चा तिचा अहवाल शंकूंवर आहे. शंकूला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर आधी शांत असतो, पुढे खवळतो. टोकाचा कोन आणि वेग बदलला की तो कुठे खवळतो, हा प्रश्न. कारण तिथून पुढे घर्षण आणि तापणं दोन्ही वाढतं.

मिरज_टर्नर: भोवऱ्याचं कारण फॅनच. पाती हवेला पीळ देतात आणि तुम्ही तीच पिळलेली हवा आत ढकलताय. फॅन मागच्या टोकाला लावा, हवा ओढू द्या. ६ इंची एक्झॉस्ट फॅन पुरतो.

तोंड २६ सेंमी चौरस, ते निमुळतं होत मधली खिडकी (जिथे धूर बघायचा तो भाग) १० सेंमी चौरस. तिथून फॅनपर्यंत ३५ सेंमी लांबीत हळूहळू रुंद करा. घाईने रुंद केलं तर हवा भिंत सोडते आणि धूर थरथरतो. तोंडाशी स्ट्रॉची जाळी: ६ मिमीचे, ४.५ सेंमी लांब तुकडे, एकाला एक चिकटवून. एका स्ट्रॉचे चार तुकडे धरून पाचशेच्या वर स्ट्रॉ लागतील. प्लास्टिकचे बंद झालेत, कागदी घ्या, पण फेविकॉल कमी लावा, नाहीतर लोळागोळा होतो. सगळे सांधे टेपने बंद हवेत. आत दाब कमी असतो, त्यामुळे फटीतून बाहेरची हवा घुसते आणि धुराची रेघ तुटते.

अगरबत्ती जाळीच्या बाहेर धरा, खिडकीत नको. रेग्युलेटर सगळ्यात कमीवर. मागे काळा कागद, उजेड वरून.

सातारा_आठवी_ब: धन्यवाद दादा. पोस्टकार्डाचे दोन शंकू करून ठेवले तर तिचा प्रयोग दिसेल का?

कृष्णाकाठ: तिचा नाही. तिच्याकडे हवा आवाजाच्या जवळपास दुप्पट वेगाने जायची, तुमची चालत्या माणसाइतकी. शंकू ठेवा, पण पाटीवर ‘सुपरसॉनिक’ लिहू नका, परीक्षक तिथेच पकडतील. शांत हवा खवळते कशी, हे दाखवायला बाजूला एक अगरबत्ती खोक्याच्या आडोशाला लावा. धूर काही इंच दोऱ्यासारखा चढतो, मग एकदम विस्कटतो. कारण वेगळं आहे, पण मुलांना ‘खवळणं’ म्हणजे काय ते डोळ्यांनी दिसतं.

आणि तक्त्यावर १९७९ लिहायला विसरू नका. त्या साली तिने इंजिनिअरचं पद सोडून खालची श्रेणी घेतली आणि नासातल्या महिलांच्या भरती-बढतीचं काम हाती घेतलं. १९८५ ला निवृत्त. वॉशिंग्टनच्या मुख्यालयाला तिचं नाव द्यायचं ठरलं ते २०२० मध्ये, ती गेल्यावर पंधरा वर्षांनी.