मावशीची इम्युनोथेरपी विमा कंपनीने 'प्रायोगिक' म्हणून नाकारली. अपील कसं करावं?

भाची_१:
मावशीला मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, यकृतापर्यंत पसरलाय. रिपोर्ट 'एमएसआय-हाय' आला (म्हणजे गाठीच्या पेशींत डीएनएमधल्या चुका दुरुस्त होत नाहीत), म्हणून डॉक्टरांनी केमोऐवजी थेट पेम्ब्रोलिझुमॅब सुचवलं, शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणारं इम्युनोथेरपीचं औषध. विमा कंपनीने एका ओळीत नाकारलं: "सदर उपचार प्रायोगिक स्वरूपाचा असल्याने ग्राह्य नाही." मावशी म्हणते, "जाऊ दे गं, साधी केमो घेते. पोरांना कर्जात नको घालायला." काका काहीच बोलत नाहीत. कागदपत्रं मी बघतेय, पण सुरुवात कुठून करू?

सांजवारा:
माझ्या थोरल्या भावाला हाच आजार, हेच औषध आणि हाच शेरा होता. त्याचं अपील मंजूर झालं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

त्या पत्रातला 'प्रायोगिक' हा एकच शब्द खोडून काढायचाय. किती वर्षं हप्ते भरले, घरची परिस्थिती काय, हे त्यात घालू नकोस. ते सगळं खरं असतं, पण फाइल तपासणारा माणूस त्यावर निर्णय देत नाही. पॉलिसीची पूर्ण प्रत मागव, माहितीपत्रक नव्हे. त्यात 'प्रायोगिक'ची व्याख्या कशी केलीये ते बघ आणि तीच भाषा डॉक्टरांच्या पत्रात येऊ दे.

पत्रात काय हवं? अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियामकाने) २०१७ मध्ये एमएसआय-हाय गाठींसाठी हे औषध मान्य केलं. कॅन्सर कुठल्या अवयवाचा आहे हे न पाहता, गाठीच्या जनुकीय खुणेवरून दिलेली ती पहिलीच मान्यता. २०२० मध्ये आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी पहिला उपचार म्हणूनही मान्यता मिळाली. त्यामागे कीनोट-१७७ ही चाचणी होती. आजार न वाढता गेलेला काळ (मध्यक, म्हणजे निम्म्या रुग्णांत याहून जास्त) या औषधावर १६.५ महिने, केमोवर ८.२. उपचारामुळे होणारे गंभीर दुष्परिणाम २२ टक्के रुग्णांत, केमोवर ६६ टक्के. हा शेवटचा आकडा मावशीला जरूर सांग. 'साधी केमो' तिला वाटते तितकी साधी नाही. तुमच्याकडच्या औषध नियामकाची मान्यता असेल तर तीही जोडा.

आता सर्वांत महत्त्वाचं. बायोप्सीचा रिपोर्ट पूर्ण गेलाय का, ते स्वतः तपास. भावाच्या वेळी हॉस्पिटलकडून फक्त पहिलं पान गेलं होतं, 'ॲडिनोकार्सिनोमा' एवढं कॅन्सरच्या प्रकाराचं नावच लिहिलेलं. एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ या डीएनए दुरुस्त करणाऱ्या चार प्रथिनांचा तक्ता दुसऱ्या पानावर होता. त्यातल्या दोघांपुढे 'लॉस' (म्हणजे ते प्रथिन गाठीत नाही) लिहिलं होतं, आणि सगळी केस त्या दोन शब्दांवर उभी होती. तेच कंपनीपर्यंत पोचलं नाही, तर तपासणाऱ्याला हे औषध उगाच दिल्यासारखं वाटणारच.

कॅन्सरतज्ज्ञाकडूनच फेरतपासणी व्हावी, असं लेखी माग. तुमच्या डॉक्टरांना कंपनीच्या डॉक्टरांशी थेट बोलायला सांग. उशीर झाला तर आजार वाढेल, असं डॉक्टरांनी लिहून दिलं तर बऱ्याच ठिकाणी तातडीचं अपील घेतात. तिथेही नाही म्हणाले तर लोकपाल किंवा बाहेरची स्वतंत्र तपासणी, तुमच्याकडे जी सोय असेल ती. फोनवर कोण काय बोललं ते त्याच दिवशी ईमेलने त्यांनाच कळवत जा.

आणि हे फोन मावशीसमोर करू नका. माझा भाऊ शेजारच्या खोलीतून सगळं ऐकायचा आणि रात्री जेवायचा नाही.

केशर_पाकळी:
कॅन्सर वॉर्डात नर्स आहे, म्हणून दोन गोष्टी. निर्णय येईपर्यंत काय करायचं, हे डॉक्टरांना आजच विचारा. थांबणं चालेल का, की दुसरं काही सुरू करावं लागेल? विम्याच्या पत्राची वाट बघत बसू नका. औषध कंपन्यांच्या रुग्ण-साहाय्य योजना असतात. हॉस्पिटलमधल्या समाजसेवा विभागाला विचारून तो अर्ज अपीलसोबतच करा.

दुसरं तुझ्यासाठी. या प्रथिनांचा अभाव कधी कधी आनुवंशिक असतो, त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. एमएलएच१ गेलेलं असेल तर बहुतेकदा आनुवंशिक नसतं. एमएसएच२ किंवा एमएसएच६ गेलं असेल तर शंका जास्त. तू मावशीची रक्ताची नातेवाईक आहेस, तुझी आईसुद्धा. मावशीची जनुकीय तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचार. घाबरून जाऊ नकोस, पण विचारल्याशिवाय राहू नकोस.

भाची_१:
दोघांचेही मनापासून आभार. दुष्परिणामांचे आकडे मावशीला वाचून दाखवले. तिने पुन्हा वाचायला लावले आणि म्हणाली, "मग कर अर्ज." डॉक्टर पत्र देतायत. आईशीही बोलते. एकच शंका: पॉलिसी काकांच्या नावावर आहे, तर अपील कोणाच्या नावाने करायचं?

सांजवारा:
काकांच्या नावाने, सही त्यांचीच. शिवाय मावशीचं संमतीपत्र घे, म्हणजे तिची वैद्यकीय माहिती कंपनी तुला देऊ शकेल. 'माझ्या वतीने भाची बोलेल' असं काकांकडूनही लिहून घे. काका गप्प आहेत म्हणालीस ना, त्यांना हे काम दे. सगळ्या पानांच्या झेरॉक्स त्यांनाच काढू दे.