कांद्याचं निर्यातशुल्क: एका रात्रीत नियम बदलायची मुभा सरकारला असावी का?

चाळकरी_निफाड:
1 एप्रिल 2025 पासून 20 टक्के निर्यातशुल्क गेलं म्हणून सगळे गप्प झालेत. मी नाही. त्याआधीचा क्रम बघा. 19 ऑगस्ट 2023 ला 40 टक्के शुल्क. ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यातमूल्य, म्हणजे त्याखाली कांदा बाहेर विकायचाच नाही. 8 डिसेंबरपासून सरळ बंदी. 31 मार्चपर्यंतच म्हणाले होते, ती तारीख जवळ आल्यावर पुढे ढकलली. मे 2024 मध्ये बंदी उठली, पण 550 डॉलर किमान मूल्य आणि वर परत 40 टक्के शुल्क, जे पुढे 20 वर आलं. शुल्क अर्थ मंत्रालय लावतं, बंदी आणि किमान मूल्य विदेश व्यापार महासंचालनालय. कागद कुठूनही निघो, निघाला की लागू.

डिसेंबरची बंदी तर लाल कांद्याच्या ऐन आवकेत आली. उन्हाळ कांदा साठवणीच्या कांदाचाळीत काही महिने तग धरतो. लाल कांदा काढला की विकावाच लागतो, थांबायची सोयच नाही. काही आठवड्यांत भाव निम्म्यावर आला. शुल्क लावायचं तर लावा, पण लागवडीआधी सांगा.

पगारी_डोंबिवली:
म्हणजे परतीचा पाऊस किती कांदा नासवणार हे सरकारला जूनमध्येच कळायला हवं? कांदा साठ-सत्तरला गेला की आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पावशेर घेतात. त्यांचं कोण बघणार? 1998 मध्ये दिल्ली राज्याचं सरकार कांद्याने घालवलं, ते काय उगाच?

चाळकरी_निफाड:
आणि 2024 ला दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्री पडल्या, तेही कांद्यानेच. पण मावशींसाठी नाफेडसारख्या सरकारी खरेदी संस्थांचा राखीव साठा आहे ना? 2023 मध्ये तो 5 लाख टनांवर नेला. तो वेळेत बाजारात सोडा, माझा माल कशाला अडवता?

कंटेनरवाला:
19 ऑगस्टला शनिवार होता. माल न्हावा शेवा बंदराच्या वाटेवर, सौदा जुन्या भावाने पक्का झालेला. शिपिंग बिल, म्हणजे कस्टमकडचा निर्यातीचा अर्ज, आधी भरलेलं असलं तरी उपयोग नाही, कस्टम ज्या दिवशी लोडिंगला परवानगी देतं त्या दिवशीचा दर धरतात. समोरचा गिऱ्हाईक 40 टक्के वाढवून देणार आहे का? बांगलादेशला 2019 आणि 2020, लागोपाठ दोन सप्टेंबर आपण असंच तोंडघशी पाडलं. शेख हसीना दिल्लीत येऊन भर कार्यक्रमात म्हणाल्या होत्या, स्वयंपाक्याला सांगितलंय कांदा घालू नको. लोक हसले. तिकडच्या व्यापाऱ्याने मात्र दुसरे देश शोधले.

दुबईत_नाशिककर:
बंदीच्या काळात इथल्या दुकानात पाकिस्तानी कांदा होता. आधी नाकं मुरडली, मग झाली सवय.

सरळ_हिशेब:
एक कळत नाही. कांद्याला खुला बाजार हवा आणि सोयाबीनला आयातशुल्काची भिंत! सप्टेंबर 2024 मध्ये सोयाबीनचा भाव सावरायला बाहेरून येणाऱ्या कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क 5.5 वरून 27.5 टक्के केलं, तेही एका रात्रीत. तेव्हा कुणी विचारलं नाही, लागवडीआधी का नाही सांगितलं म्हणून.

वऱ्हाडी_गडी:
अन् मे 2025 मंधी तेच 16.5 वर आनलं, थे सांगा ना भाऊ. ऑगस्टात कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क माफ. सप्टेंबरपर्यंतच म्हने, मंग डिसेंबरपर्यंत वाढवलं. आमचा कापूस घरात याच्या टायमाले! कांद्याले बाहेर जाऊ देल्लं नाई, कापसाले आत येऊ देल्लं. दोन्हीकडून मरते कोन?

सरळ_हिशेब:
बंदी चूक होती, मान्य. पण शुल्काचं हत्यार सरकारच्या हातात हवंच.

चाळकरी_निफाड:
मग त्याला नियम लावा. लासलगाव बाजारसमितीतला सरासरी भाव अमुकच्या वर गेला की शुल्क आपोआप लागू, खाली आला की बंद. आणि वाटेतल्या मालाला पंधरा दिवस सूट.

सरळ_हिशेब:
पंधरा दिवस दिलेत तर तेवढ्यात निम्मा कांदा बोटीत बसेल. मग शुल्क लावणार कशावर?

कंटेनरवाला:
नीट वाचा, वाटेतला माल म्हणतायत ते. शिपिंग बिल अधिसूचनेच्या आधीचं असेल तेवढ्यालाच सूट.