मदत हवी आहे: पातळ पोह्यांचा चिवडा कढईत, मायक्रोवेव्हमध्ये की ओव्हनमध्ये?

अर्धा किलो पातळ पोह्यांचा चिवडा करायचा आहे, तळायचा नाही. कढईत मंद आचेवर भाजले तर चव सगळ्यांत छान, पण पोहे आकसतात आणि परतताना चुरा होतो. मायक्रोवेव्हमध्ये दोन वाट्या दोन मिनिटांत कुरकुरीत झाल्या, पण एवढ्या पोह्यांना फार वेळा लावावं लागतं. ओव्हनमध्ये १५० अंशांवर दहा मिनिटं ठेवले, तर कडेचे लाल आणि मधले मऊच! ऊन दाखवता येणार नाही, इथे पाऊस आहे. फोडणीतला कढीपत्ता, मिरची पूर्ण कोरडी होईपर्यंत तळते, मीठ-पिठीसाखर शेवटी घालते. त्यामुळे ओलावा तिथून येत नसावा. ओव्हन १०० अंशांवर ठेवून जास्त वेळ भाजू का? आणि फोडणी आधी लावायची की भाजून झाल्यावर?